एक सॅक आणि तीन घरच्या ओट्या

अश्विनला घर सोडून फिरायचं होतं आणि मला घर सोडायची भीती वाटत होती. आमच्या लग्नातला सध्याचा वाद एवढाच.

त्याचं काम लॅपटॉपवरचं. कंपनीने उन्हाळाभर कुठूनही काम करायची मुभा दिली, तेव्हापासून रोज जेवताना व्हिडिओ सुरू झाले. त्यातली माणसं एका सॅकमध्ये अख्खा संसार कोंबून देशोदेशी हिंडतात. दोन टी-शर्ट, एक टॉवेल आणि चेहऱ्यावर असं तेज की इस्त्री सुटली तोच यांना मोक्ष मिळाला असावा.

"सामान कमी केलं की डोकंही हलकं होतं, चैताली."

"तुझं आधीपासूनच हलकं आहे," मी म्हटलं.

पण खरं म्हणजे मलाही जायचं होतं. आमची आरोही अडीच वर्षांची. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने तिला धाप लागली, दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यानंतर मी तिला नाशिकबाहेर नेलंच नाही. ती झोपली की छातीवर हात ठेवून श्वास बघायचा, ही माझी सवयच झाली होती. डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहे ती. श्वासाचा पंप जवळ असू द्या, बास. वाफेचं मशीन आता माळ्यावर टाका." मी मान डोलावली. पटलं काही नाही.

शेवटी ठरलं, आधी छोटी चाचणी. एसटीने सायखेडा, पिंपळगाव, वणी. तिघांत एकच सॅक. परत येईपर्यंत सॅकची चेन लागत राहिली आणि मी मधूनच घरी पळाले नाही, तर उन्हाळाभर बाहेर. नाहीतर विषय कायमचा बंद.

निघायच्या सकाळी अश्विन दूध आणायला गेला. मी सॅकमधून त्याची जास्तीची पँट काढून कपाटात ठेवली आणि त्या जागी वाफेचं मशीन माझ्या ड्रेसमध्ये गुंडाळून तळाशी दडवलं. चेन लागली. मला गाढ समाधान वाटलं.

मुक्कामाला नातेवाइकांची घरं निवडली. आरोहीला गरम वरण-भात मिळेल, एवढाच विचार. इथेच आमचं चुकलं. व्हिडिओतल्या त्या माणसांना मावशा नव्हत्या.

सायखेड्याला सिंधूमावशीने दोन दिवस लाड केले. निघताना पाट मांडला. हळदीकुंकू लावलं, ओढणीचा पदर पुढे करायला लावला आणि ओटीत ओंजळभर तांदूळ, नारळ आणि हिरव्या काठाचा डाळिंबी ब्लाऊजपीस घातला.

"मावशी, आम्ही कमी सामानात फिरतोय गं. ही एकच सॅक."

"मग फिरा ना. मी कुठं नाय म्हणते? पण लेकीला रिकामी पाठवली तर तुझी आई मला फोनवर सोडंल का?" असं म्हणून तिने वर शेवयांची पिशवी ठेवली.

स्टँडवर अश्विन सॅकवर गुडघा टेकवून चेन ओढत होता. "आपण एवढं आणलं होतं का? आणि माझी दुसरी पँट कुठेय?"

"विसरला असशील. तुझा काय भरवसा!"

पिंपळगावला त्याची चुलती, रंगूकाकू. द्राक्षांचे दिवस, घरात पाय ठेवायला जागा नाही. निघताना इथेही पाट. नारळ, पिवळा ब्लाऊजपीस, बेदाणे आणि अश्विनच्या हातात कांद्यांची पिशवी. काकू आत गेल्यावर तो कुजबुजला, "आपण हरतोय, चैताली."

मला एकदम सुचलं. काकू बाहेर आल्या तशी मी म्हटलं, "बसा हो काकू, मलाही तुमची ओटी भरू द्या." आणि मावशीचे तांदूळ, मावशीचा नारळ त्यांच्या पदरात. शेवया स्वयंपाकघरात, कांदे गुपचूप त्यांच्याच कांदाचाळीत परत.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजकालच्या पोरींना कुठं एवढं सुचतंय!"

अश्विन बसमध्ये वणीपर्यंत हसत होता. त्याच्या अंगातल्या एकुलत्या पँटला आता मातकट रंग आला होता.

वणीला भागीमामी म्हणजे सिंधूमावशीची भावजय. माझा धीर आता वाढला होता. गेल्या गेल्याच पाट मागितला आणि मामीची ओटी भरली. पिंपळगावचा नारळ, मावशीचा डाळिंबी ब्लाऊजपीस. मामीने तो उलगडला, उजेडात धरला.

"अगं बया! हा तर मीच सिंधूवन्संना दिलेला, त्यांच्या नातवाच्या बारशाला. हा बघ, कोपऱ्याला माझ्या हातचा हळदीचा डाग."

मी जमिनीत गेले. मामी मात्र पोट धरून हसायला लागली. "लाजतीस काय! मला तरी तो आमच्या रोशनीच्या, माझ्या लेकीच्या सासूनं दिलेला. हा काय शिवायसाठी असतो होय? हा फिरायसाठीच असतो."

"खरा भटका तर हा निघाला," अश्विन म्हणाला.

तेवढ्यात पडवीतून आरोहीचा खोकला ऐकू आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी सॅक जमिनीवर पालथी केली. बेदाणे घरंगळले, लंगोट, टॉवेल, पिवळा ब्लाऊजपीस आणि शेवटी दाणकन वाफेचं मशीन. वायर सोडवत मी पडवीत धावले, तर आरोही मुरमुऱ्यांच्या डब्यात दोन्ही हात घालून बसलेली. मामेभावाने पाणी पाजलं होतं. खोकला थांबला होता. तिने मला एक मुरमुरा दिला.

मी तिच्या छातीवर हात ठेवला. मग कान लावला. श्वास साधा, सरळ, मुरमुऱ्यांच्या वासाचा.

मागे अश्विन मशीनकडे बघत उभा. "म्हणजे माझी पँट..."

"कपाटात. मधल्या फळीवर."

वाटलं, चिडणार. तो खाली बसला, बेदाणे वेचायला लागला. "मला सांगायचंस ना. दोन्ही पँटी काढल्या असत्या."

"मग काय नेसला असतास?"

"डाळिंबी ब्लाऊजपीस."

परत निघताना मामेभाऊ म्हणाला, उद्या टेम्पो घेऊन नाशिकला जातोच आहे, काही द्यायचंय का घरी? मी मशीन उचललं, पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी त्याच्या हातात दिलं. पंप माझ्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात आहे ना, हे तीनदा चाचपून पाहिलं.

मामीने पाट मांडलाच होता. नारळ, तांदूळ आणि तोच डाळिंबी ब्लाऊजपीस पुन्हा माझ्या पदरात. सगळं सॅकमध्ये मावलं आणि चेन मी एका हाताने लावली. अश्विन बघत होता.

"मग? जायचं उन्हाळ्यात?"

"जायचं," मी म्हटलं. "पण आधी घरी चल. तुझ्या या मातकट पँटच्या शेजारी बसून मी एवढा लांबचा प्रवास करणार नाही."