गारेनची वाकडी मूठ

"हे शिंग नाहीच," ऊला म्हणाला आणि त्यानं सुरी टेबलावर ठेवली. ठेवली कसली, टाकलीच. "शिंगाचा भुगा राळेत कालवून साच्यात ओतलाय. शिंग असं वाकत नसतं."

टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या गारेननं आधी सुरी सरळ केली, मग त्याच्याकडे पाहिलं. बाहेर, पार उत्तरेकडच्या इनारी गावाच्या गोठलेल्या तळ्यावर, रेनडियरच्या शर्यती चालल्या होत्या आणि कर्ण्यावरचा आवाज सभागृहात येत होता. जत्रेतल्या सुऱ्यांच्या स्पर्धेला यंदा अकरा जण होते. दहा पुरुष आणि चौसष्ट वर्षांची गारेन.

"तुझं वाकत नसेल," ती म्हणाली.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ऊलाचे कान लाल झाले. दोघं एकाच शाळेत एका बाकावर बसलेले; त्यामुळे परीक्षक झाला म्हणून त्याला अहोजाहो करायची तिला गरज वाटली नव्हती.

"गारेन, पन्नास वर्षं शिंग कोरतोय मी. माझा बाप कोरायचा, तुझा बाप कोरायचा. शिंगाला जो बाक असतो तो जन्माचा. माणसानं द्यायला गेलं की ते तडकतं."

"तडकतं ना. एकोणीस तडकली माझी."

हे खरं होतं. बावीस वर्षांपूर्वी शरद ऋतूत रेनडियरचा कळप कुंपणात घेताना फासाचा दोर गारेनच्या उजव्या हाताला वेढला गेला आणि दोन बोटं कायमची आखडली. सरळ मुठीची सुरी त्या हातात फिरायची. मासा साफ करताना निसटायची, कातडं सोलताना तर तिच्याच अंगावर यायची. भाऊ म्हणाला, "आता सोड. कापाकापीचं आम्ही बघू." ती बरं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी वखारीतून नराचं एक जाड शिंग उचलून आणलं. वडिलांनी हे काम भावाला शिकवलं होतं, तिला नाही. भावाला त्यात रस नव्हता. चुलीपाशी बसून पाहणारी तीच होती.

पण वाकवायचं कसं, हे वडिलांनाही ठाऊक नव्हतं. ते तिनं एकटीनं शोधलं. शिंग आठवडेच्या आठवडे फाटलेल्या दुधाच्या आंबट निवळीत बुडवायचं. मग कढत पाण्यात. उकळत्या नाही, उकळलं की ते ठिसूळ होतं. बाहेर काढल्याबरोबर बर्चच्या लाकडी साच्यात बसवून कातड्याच्या ओल्या वादीनं आवळायचं. वादी वाळताना आक्रसते, ती शिंगाला ओढते. रोज केसभर. घाई झाली की टक्कन आवाज यायचा आणि महिन्यांचं काम चुलीत जायचं. विसावं शिंग वाकलं, तेव्हा ती ते हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली होती. आखडलेली दोन बोटं त्या वळणात अशी विसावली की जणू कधी आखडलीच नव्हती.

"मी कागदावर 'ओतीव' असं लिहितोय," ऊला म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस."

दुसरी परीक्षक इन्का वयानं लहान होती. ती चाचरत म्हणाली, "काका, एकदा तपासायला पाठवलं तर?"

"कुठे पाठवणार? आणि तोवर सगळ्यांनी काय थांबायचं?"

गारेननं भोवती पाहिलं. तिच्याकडून सुऱ्या नेलेली चार-पाच माणसं तिथंच उभी होती. त्यांचे हात नकळत आपापल्या कमरेच्या सुरीकडे गेलेले तिला दिसले.

ती भिंतीकडे गेली. तिथं मुलांना लाकडी चमचे कोरायला शिकवायचा बाक मांडला होता. तिनं त्यावरची बारीक दात्यांची करवत उचलली.

"वन्सं, काय करताय?" तिची भावजय मारेत गर्दीतून पुढे आली. "अहो, नका! तीन वर्षं गेलीत त्यात."

"माझीच गेलीत."

तिनं सुरी बाकावर गुडघ्याखाली दाबली. पातं मुठीत जिथवर रुतलं होतं त्याच्या पुढे, बरोबर मुठीच्या वळणावर, करवत टेकवली. क्षणभर हात थांबला. मग तिनं ओढली.

पांढरा भुगा पडू लागला आणि वास सुटला: जळक्या केसांचा, हाडांचा. सभागृहात असा एकही माणूस नव्हता, ज्याला तो वास माहीत नव्हता. तुकडा फरशीवर पडला, तो ऊलानंच वाकून उचलला. कापलेल्या अंगाला बाहेर टणक पांढरं कडं होतं, आत तांबूस, जाळीदार गाभा. त्यानं अंगठा फिरवला, नाकाशी धरला, पुन्हा फिरवला.

"शिंग आहे," तो हळू म्हणाला.

"मग पहिला नंबर ह्यांचाच!" इन्का म्हणाली.

ऊला खाकरला. "नियमानं वस्तू अखंड हवी..."

"नंबर ठेव तुझ्यापाशी," गारेन म्हणाली. "कागदावर लिही. एकसंध शिंग, हातानं वाकवलेलं."

त्यानं लिहिलं. तिनं कागद फिरवून वाचला.

"हे काय, 'योव्सेतची मुलगी'? माझा बाप शिंग वाकवत नव्हता. खोड ते. माझं नाव लिही."

त्यानं खोडलं, नाव लिहिलं, खाली सही केली. मग मान वर न करता विचारलं, "निवळीत किती दिवस ठेवतेस?"

"घरी ये. दाखवीन," ती म्हणाली. "पण आधी मारेतला कॉफी पाज. घाबरली बिचारी."

कापलेल्या मुठीची सुरी तिनं टेबलावरच राहू दिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहता यावी म्हणून. दारापाशी मारेतनं तिला गाठलं.

"पुन्हा तीन वर्षं, वन्सं."

"लागू देत."

बाहेर ऊन बर्फावरून डोळ्यांत घुसत होतं. तिच्या पट्ट्याला रिकामं म्यान लोंबत होतं. समोरून येणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांची नजर त्यावर गेली आणि ते वळून वळून पाहू लागले. वारा होता म्हणून गारेननं कोटाची वरची दोन बटणं लावली. खालची, म्यान झाकलं जाऊ नये म्हणून, तशीच उघडी ठेवून ती तळ्यावर चालू लागली.