घंटेवरचं नाव

संग्रहालयात नव्याने आलेले साहेब जुन्या लढाऊ आगबोटीच्या पितळी घंटेपुढे उभे होते. हातातला जुना फोटो आणि घंटा ते आलटून पालटून पाहत होते.

"फोटोत घंटेवर बोटीचं नाव कोरलेलं आहे. ही तर गोट्यासारखी गुळगुळीत! मावशी, घंटा बदलली कुणी?"

सफाईवाल्या मावशी चक्रावल्या. सव्वीस वर्षं रोज सकाळी त्यांनीच ती पॉलिश लावून घासली होती. त्या चकाकीबद्दल बक्षीसही मिळालं होतं. आणि हा काल आलेला माणूस चोरीचा संशय घेतो!

"साहेब, घंटा तीच आहे. एक डाग पडू दिला नाही मी तिच्यावर."

"मग नाव कुठे गेलं?"

नाव होतं खरं, चांगलं नख रुतेल इतकं खोल. पण गेलं कधी? गेल्या वर्षी होतं का? मावशींनी डोक्याला खूप ताण दिला, पण नाव काय होतं तेसुद्धा आठवेना.

साहेबांनी ती जागा बोटांनी चाचपली आणि हात मागे घेतला. लखलखीत पितळेवर चार बोटांचे ठसे उमटले.

मावशींचा फडका आपसूक पुढे झाला.