बोटभर स्प्लिंट

बाबांच्या अंगाखालची चादर गादीखाली खोचताना धाकटीच्या उजव्या हाताचं मधलं बोट अडकलं आणि टोकाशी कट्‌कन वाजलं. दुखलं फारसं नाही, पण टोक लोंबायला लागलं, काही केल्या सरळ होईना. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि हा नेमका कात्रीचा हात!

हॉस्पिटलात स्प्लिंट बनवणाऱ्या बाईंनी गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकचं टोपण बोटावर बसवलं. "टोक उचलणारी शीर तुटलीय. दीड महिना ते सरळच राहायला हवं. एकदा जरी वाकलं, तरी पुन्हा पहिल्यापासून."

अंथरुणाला खिळलेल्या बाबांना उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं धाकटीच्याच गळ्यात होतं. थोरला दादा त्याच घरात राहायचा, पण दारातून "काय म्हणताय बाबा?" विचारलं की त्याचं कर्तव्य संपलं. मध्यंतरी खेळताना त्याचा गुडघा मुरगळला, तेव्हा मांडीपासून घोट्यापर्यंत लांबलचक स्प्लिंट लावून साहेब सोफ्यावर पसरले होते. त्या स्प्लिंटचे पट्टे सोडून पाय पुसायचा, परत बांधायचे, तेही धाकटीनंच.

टोपण बसवल्यानंतर एका सकाळी बाबांना खुर्चीत बसवायचं होतं.

"आज तू उचल. मला जमणार नाही," धाकटी म्हणाली.

"एवढ्याशा टोपणाचं काय कौतुक! काम टाळायला बरं सापडलंय."

"दादा, हात लावू नकोस."

त्यानं तिचं मनगट धरलं, टोपण ओढून काढलं आणि बोट दुमडलं. "हे बघ, वाकतंय की छान!"

वाकणारच! सरळ होत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली.

"जाऊ दे गं," बाबा पडल्या पडल्या म्हणाले. "मोठा आहे तो."

त्या 'जाऊ दे'नं ती जास्तच पेटली. "तुमच्या मोठ्यालाच सांगा आता सगळं," म्हणाली आणि तशीच हॉस्पिटलात गेली.

बाईंनी बोट पाहिलं आणि नवं टोपण बनवायला घेतलं. "पहिल्यापासून," एवढंच म्हणाल्या.

घरी दादा दारातच उभा होता. "सॉरी म्हटलं तर चालेल ना?"

"तुझ्या सॉरीनं शीर जुळते का?"

डाव्या हातानं कपडे भरून ती दुकानामागच्या खोलीत राहायला गेली. पाठोपाठ दादाचे फोन सुरू झाले. बाबांना वळवायचं कसं, पाठीला लावायची पावडर कुठंय, माझी कंबर धरली. तिनं प्रत्येक गोष्ट नीट सांगितली आणि दर वेळी त्याचं रडगाणं सुरू होताच फोन ठेवला. संध्याकाळी ती बाबांपाशी जाऊन बसायची. दादा घामाघूम होऊन चादर बदलायचा, ती मांडीवरचे हात हलवायची नाही.

स्प्लिंट निघाली तेव्हा टोक जरा वाकडंच राहिलं होतं. कात्री धरता येत होती, पण पूर्वीसारखी बसत नव्हती. दुकान पुन्हा उघडलं, तसा दादा आला, खुर्चीत बसला आणि आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, "अजून राग आहे?"

"आहे. ऊठ, गिऱ्हाईक थांबलंय."