मास्तरांची नजर

मास्तर गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच सांगितलं: नजर गेली होती हो त्यांची, तेच मनाला लावून घेतलं. थोरलीनं सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि एकाचंही तिला पटलं नाही.

मास्तर म्हणजे तिचे वडील, पेशानं शिंपी. त्यांचं जुनं दुकान रस्त्याला तोंड करून होतं. मशीन उंबऱ्यालगत, आणि मास्तरांचं अर्धं लक्ष कायम बाहेर. येणाऱ्याजाणाऱ्याची चाल बघून ते सांगत, याचा डावा खांदा उतरलाय, याला कोट शिवणाऱ्यानं फसवलंय. ओळखीचं कुणी दिसलं की हाक मारून थांबवत. "अहो, पोट पुढे गेलं आणि पँट मागे राहिली! द्या इकडे, सैल करतो." दोऱ्याचा रंग जुळवायचा असला की कापड आणि रीळ घेऊन एक पाऊल बाहेर टाकायचं, उन्हात धरायचं, परत आत. जन्मभर हे इतक्यांदा केलं होतं, की आपण ते करतो हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मग रस्ता रुंद झाला, दुकान पडलं, आणि बदल्यात नव्या बाजारइमारतीच्या तळघरात गाळा मिळाला. गाळा देखणा होता, नाव ठेवायला जागा नव्हती. गुळगुळीत फरशी, भिंतींना सगळीकडे एकसारखं प्लायवूड, डोक्यावर ट्यूबचा लख्ख प्रकाश, थंड हवा. मास्तर आत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर कुठे बसतात?" सगळे हसले.

थोरली त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसायची. तिच्या डोळ्यांदेखत त्यांचं बोलणं आटत गेलं. थट्टा करायची तरी कुणाची, समोर भिंत. जेवणाचा डबा ते भलत्याच वेळी उघडत, नाहीतर विसरून जात. भर दुपारी विचारत, "अंधार पडला का गं?" वर जायला जिना होता, पण गुडघे साथ देत नव्हते.

त्यातच ती पँट झाली. काळ्या पँटला मास्तरांनी गडद निळ्या दोऱ्यानं टीप मारली. गिऱ्हाईक घेऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी हसतहसत परत आलं. "मास्तर, ही काय नवी फॅशन?" माणूस वाईट नव्हता, थट्टेनंच म्हणाला. मास्तरांनी टीप उसवली, पुन्हा मारून दिली, आणि तेव्हापासून दोरा ओवायच्या आधी रीळ थोरलीपुढे धरू लागले. "हा काळाच ना?" ज्यानं तिला रंग शिकवले तो तिला रंग विचारत होता. ती रिळाखालची चिठ्ठी वाचून हो किंवा नाही म्हणे.

डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. "समजूत घालतात," मास्तर म्हणाले. "म्हाताऱ्याला तोंडावर कोण सांगणार?" कात्री त्यांनी थोरलीच्या हातात दिली आणि स्वतः बटणं लावत बसले. वर्ष सरायच्या आत त्यांचं हृदय थांबलं.

"सोड तो गाळा," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. "बाबा नाहीत, तू एकटी त्या भुयारात काय करणार?"

"बघते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि बाबांचा फोटो लावायला खिळा ठोकायला घेतला. एका घावात खिळा पार आत गेला. तिनं तो ओढून काढला, तर भोकातून उजेडाची बारीक काडी आत आली.

ठोकाठोकी ऐकून शेजारच्या गाळ्यातले चावीवाले काका डोकावले. "पोरी, भिंतीनं डोळा मारला की गं तुला!"

दोघांनी स्क्रू काढून प्लायवूडची फळी उतरवली. मागे झरोका निघाला. हातभर रुंद, लोखंडी गजांचा, बरोबर रस्त्याच्या पातळीला. इमारत बांधणाऱ्यानं ठेवलेला, सजवणाऱ्यानं झाकलेला. बाहेर चपला, बूट, सायकलचं एक चाक, आणि ऊन.

थोरलीनं मास्तरांच्या डब्यातली दोन रिळं उचलली आणि आधी ट्यूबखाली धरली. दोन्ही काळी. मग झरोक्याशी नेली. एक काळं, आणि दुसरं निळं; लहान पोरानंही सांगावं इतकं निळं.

"काका," ती म्हणाली. "बाबांची नजर शाबूत होती."

काकांनी रिळं घेतली, ट्यूबखाली नेली, परत झरोक्यापाशी आणली. "आणि आम्ही मेले त्यांना चष्मा बदला म्हणत होतो," ते म्हणाले, आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी बाजाराचे मॅनेजर आले.

"ताई, हे काय करून ठेवलंत?"

"झरोका उघडला, साहेब."

"इथे सगळे गाळे एकसारखे दिसले पाहिजेत. शिवाय धूळ येणार, पावसाचं पाणी येणार."

"येईल. पुसून घेईन."

"सुतार पाठवतो, फळी परत बसवून टाका. कुठाय फळी?"

"कापली. काकांनी करवत दिली. या तिच्याच मांडण्या." तिनं बोट दाखवलं. झरोक्याखालच्या मांडणीवर रिळं ओळीनं लागली होती.

मॅनेजरांनी कपाळ चोळलं. "अहो, लाइट आहे, एसी आहे. काय कमी पडलं तुम्हाला?"

"माझ्या वडिलांना इथे दोन रंग वेगळे दिसत नव्हते. कुणालाच दिसत नाहीत. पण त्यांना वाटलं, आपणच संपलो."

"म्हणजे मास्तर आमच्यामुळे गेले म्हणता?"

"नाही. ते हृदयानं गेले, आणि मी काही डॉक्टर नाही." तिचा आवाज चढला नाही. "पण शेवटचं वर्ष ते स्वतःला निकामी समजून जगले, साहेब. ते या खोलीनं केलं. आणि या खोलीवर कुणी शंका घेतली नाही, सगळ्यांनी त्यांच्यावर घेतली. आता हा झरोका बुजणार नाही."

"मग गाळा काढून घ्यावा लागेल."

"घ्या. मात्र सगळ्या दुकानदारांना इथे बोलवा, आणि त्यांच्यासमोर सांगा, हा उजेड का चालत नाही ते."

"मी दुसरी फळी पाठवीन," मॅनेजर म्हणाले, पण आधीइतकं ठासून नाही.

"पाठवा. मला एक कपाट करायचंच आहे."

ते जायला वळले तेवढ्यात पलीकडून आवाज आला. टक. टक. टक. चावीवाले काका आपल्या गाळ्याची भिंत बोटांनी ठोकून बघत होते. टक, टक.

मॅनेजर दारातच थांबले. थोरलीनं सुई खाली ठेवली, आणि त्यांच्यादेखत, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी मोकळ्या गळ्यानं हाक दिली.

"थोडं वर, काका! अजून थोडं वर!"