चूक बाबांची नव्हती

मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. वीतभरही लांब नाही. संगणक चालू असेपर्यंत त्याने हाती घेतलेले काम लक्षात ठेवायचे, एवढेच माझे काम. मित्रांनो, माझी गोष्ट गमतीची नाही, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात मला तापवून, तपासून माझा वेग ठरवला गेला. त्या वेगात मी सहसा चुकत नाही. पुढे मी एका निवृत्त ड्राफ्ट्समनच्या संगणकात आले. घरात त्यांना बाबा म्हणत. जन्मभर त्यांनी पाणीखात्यात नकाशे काढले होते. जमिनीखालचे जुने नळ आणि व्हॉल्व्ह नेमके कुठे आहेत, हे कुठल्याच कागदावर नव्हते. ते फक्त बाबांच्या डोक्यात होते. खात्याच्या विनंतीवरून ते रोज सकाळी चष्मा पुसून नकाशा काढायला बसत. "गिरणीसमोर, खांबापासून सात पावलं," असे पुटपुटत रेघ ओढत. "बाबा विसरले तर आख्खं गाव खणावं लागेल," असे खात्याचे साहेब हसत म्हणायचे.

नकाशा वाढला तसा संगणक रेंगाळू लागला. बाबांची मुलगी म्हणाली, "थांबा, त्याला जरा पळायला लावते." तिने सेटिंग बदलून माझा वेग ठरल्यापेक्षा वाढवला. काही दिवस माझे कौतुकच कौतुक झाले. खरे सांगते, मला शिंगे फुटली होती.

मग उन्हाळा आला, तापल्यावर तो वाढीव वेग मला पेलेना आणि मी चुकू लागले. लाखांत एखादा आकडा माझ्या हातून निसटे. तेवढ्याने साठवलेली फाईल उघडेनाशी होई.

"बाबा, सेव्ह केलं नसेल तुम्ही," मुलगी म्हणायची.

"केलं होतं गं. चिठ्ठीवर वेळसुद्धा लिहिलीय."

"कालची असेल ती चिठ्ठी. हल्ली विसरता तुम्ही."

ती रागाने बोलली नव्हती. पण बाबा त्या चिठ्ठीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. चूक माझी, पण ते सांगायला मला तोंड नव्हते. असे चार-पाच वेळा झाले आणि एके दिवशी ते म्हणाले, "माझ्याच डोक्याचा भरवसा नाही, तर लोकांच्या पाण्याचा नकाशा कसा काढू?" त्या दिवसापासून ते माझ्यासमोर बसले नाहीत.

वर्षभराने मुलगी पत्र लिहीत असताना तिच्या डोळ्यांदेखत पडदा निळा झाला आणि सगळे बंद पडले. तिने दुरुस्तीवाल्या ताईंना बोलावले. ताईंनी मेमरीची चाचणी लावली. लाल ओळींची रांग लागली; प्रत्येक ओळ म्हणजे माझी एक चूक. त्यांनी माझा वेग पूर्ववत केला, चाचणी दुपारभर चालवली. एकही चूक निघाली नाही.

"वेग कुणी वाढवला होता?" ताईंनी विचारले.

"मीच," मुलगी म्हणाली. मग तिने बाबांना हाताला धरून आणले. "बाबा, तुम्ही काहीच विसरला नव्हता. चूक माझी होती."

बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खुर्चीत बसले, माऊस धरला. पण पडद्यावर एकही रेघ उमटली नाही.

"राहू दे बाळा," ते हळूच म्हणाले. "आता खरंच आठवत नाही."

मित्रांनो, यंत्र अडले तर आधी यंत्र तपासा. त्याची चूक वर्षानेही दुरुस्त होते. 'तुम्ही विसरता' हे माणसाला म्हणण्याची घाई मात्र करू नका. तो ते खरे मानतो.