धुरीची खोली

धनुबाई गेली तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नव्हतं. छातीत गाठ होती, तिने लपवून ठेवली, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. पुढच्या वर्षी भीमसिंगच्या गळ्यात कॅन्सर निघाला. तो तर सकाळी तोंड धुण्याआधी तंबाखू मळायचा, म्हणून त्याच्याबद्दलही कुणी फार डोकं चालवलं नाही. पण रंजनाला रक्ताचा कॅन्सर आहे असा सुरतेच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा जेवायला बसलेल्या बायकांचे हात डब्यातच थांबले. तिघंही याच हॅचरीतली.

नवापूरच्या पुढे, हायवेपासून जरा आत ही हॅचरी होती. कोंबड्यांची अंडी यायची, मशिनीत उबायची आणि पिल्लं पेट्यांत भरून गुजरातकडे जायची. रिबेका आणि रंजना अंड्यांवर कामाला होत्या. एकाच फळीतून, म्हणजे पाड्यातून, चालत यायच्या, एकीचा डबा दुसरी खायची. अंडी मशिनीत लावण्याआधी, जंतू मरावेत म्हणून, त्यांना धुरी द्यावी लागे, तेही या दोघींकडेच. बंद खोलीत पसरट भांड्यात जांभळे खडे टाकायचे, वरून फॉर्मलिन ओतायचं, आणि श्वास रोखून पळत बाहेर येऊन दार लावायचं. जरा उशीर झाला की नाकाडोळ्यांची आग व्हायची. रंजना हसून म्हणायची, "कांदा चिरल्यासारखंच आहे, फक्त भाजी मिळत नाही."

आता बायका बोलू लागल्या. एक म्हणाली, धुरीमुळे. दुसरी म्हणाली, बोअरचं पाणी. तिसरी म्हणाली, मशिनींचा करंट अंगात जातो. भीमसिंग कधी धुरीच्या खोलीत गेलाच नव्हता, तो गाडी भरायचा, मग त्याला कसं झालं, असं कुणीतरी विचारलं.

रिबेका उठली आणि मालकाच्या खोलीत गेली. मालक कुंदनभाऊ मूळचे म्हसावदचे, वय चाळिशीचं. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"बस, रिबेकाबाई," ते म्हणाले. "माझ्याही मनात येतं. माझी खुर्ची त्या खोलीच्या भिंतीला लागून आहे."

हे ऐकून तिला धीर यायला हवा होता. उलट भीती वाढली.

कुंदनभाऊंनीच धावपळ करून जिल्ह्याच्या ठिकाणाहून एका डॉक्टरबाईंना आणलं. मॅडमनी सगळी हॅचरी फिरून पाहिली, पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या, एकेकीला विचारपूस केली. काही आठवड्यांनी त्या परत आल्या आणि शेडमध्ये सगळ्यांना बसवून बोलल्या.

"पाण्यात तसं काही सापडलं नाही. तिघांना तीन वेगळे कॅन्सर झालेत. एकाच कारणाने झाले असते तर बहुधा एकाच प्रकारचे दिसले असते. शिवाय इथे माणसं थोडी आहेत, त्यामुळे हा योगायोगही असू शकतो."

"म्हणजे धुरीने झालं नाही?" रिबेकाने विचारलं.

"तसं मी म्हणत नाही. ते औषध वाईटच आहे. वर्षानुवर्षं श्वासात गेलं तर त्याने कॅन्सर होऊ शकतो. रक्ताचासुद्धा."

"मग रंजनाला त्यानेच झाला?"

"ते एका माणसाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, बाई. झाला असेल, नसेलही."

मॅडम खोटं बोलत नव्हत्या, हे रिबेकाला दिसत होतं. पण घरी आल्यावर नवऱ्याने, सॅम्युअलने, काय म्हणाल्या असं विचारलं तेव्हा तिला सांगताच येईना.

"नाही म्हणाल्या. आणि हो पण म्हणाल्या."

"असं कसं?"

"तसंच."

सॅम्युअलने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाला, "सोड ते काम." सकाळी मात्र अंघोळीचं पाणी काढताना म्हणाला, "थांब जरा, बघू." दोन्ही वेळा तो मनापासूनच बोलत होता.

मॅडमनी सांगून ठेवलं होतं, म्हणून कुंदनभाऊंनी खोलीला मोठा पंखा बसवला. जाड मास्क आणले, डोळ्यांवर लावायचे चष्मे आणले. बायकांनी ते सगळं पाहिलं आणि कुजबुज आणखी वाढली.

"काही नव्हतंच तर पंखा कशाला बसवला?"

कुंदनभाऊ मागेच उभे होते. हॅचरीत ते नेहमी जपून, शाळेतलं मराठी बोलत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून घरची अहिराणी बाहेर पडली. "आते मी काय करू? पंखा नही लावा तरी मन्ही चूक, लावा तरी मन्हीच चूक!"

त्याच महिन्यात गुजरातच्या एका व्यापाऱ्याने पिल्लं घ्यायला नकार दिला. तुमच्या पिल्लांतून कॅन्सर होतो म्हणे, असं त्याने फोनवर सांगितलं. दोन बायका काम सोडून गेल्या. राहिलेल्यांतल्या काही रिबेकाशी बोलेनाशा झाल्या. हिने तोंड उघडलं नसतं तर हे झालंच नसतं, असं त्यांचं म्हणणं. तोंड उघडून चूक केली की आधीच उघडलं नाही ही चूक, हे रिबेकालाही ठरवता येईना.

ती सुरतेला रंजनाला बघायला गेली. रंजनाचे केस गेले होते, डोक्याला फडकं बांधलेलं होतं. नवरा खाली चहा प्यायला गेल्याबरोबर तिने रिबेकाचा हात धरला.

"कशाने झालं गं मला?"

"माहीत नाही."

"सगळे तेच म्हणतात!" रंजनाचा आवाज चढला. "डॉक्टर म्हणतात माहीत नाही. सासू म्हणते, कुणीतरी करणी केली. आई म्हणते, तू नवस फेडला नाहीस. हा काहीच म्हणत नाही, पण बघतो असा, जणू मीच काहीतरी खाल्लंय. तू तिथे माझ्यासोबत होतीस. तू तरी एक काहीतरी सांग."

रिबेकाला मॅडमचं बोलणं आठवलं. ते जसंच्या तसं सांगायचं ती मनात जुळवू लागली. पण रंजनाचे डोळे बघवत नव्हते.

"धुरीने," ती म्हणाली.

रंजना रडली. बराच वेळ रडली. मग तोंड पुसून म्हणाली, "म्हणजे मी काही केलं नव्हतं." आणि तिने कितीतरी दिवसांनी पोटभर खिचडी खाल्ली, असं नर्सने सांगितलं.

परतीच्या गाडीत रिबेका खिडकीशी बसून राहिली. आपण खरं बोललो की खोटं, हे तिला व्यारा गेलं, उच्छल गेलं, तरी कळलं नाही.

रंजना बरी झाली. निदान डॉक्टर तसं म्हणाले. केस आले, अंगावर थोडं मांस चढलं. आणि एका रविवारी, रिबेका चर्चमधून येत असताना ती वाटेत भेटली.

"मी कुंदनभाऊंकडे जाऊन आले. काम मागितलं," ती म्हणाली.

रिबेका जागच्या जागी थांबली. "कुठलं काम? हॅचरीत? अगं, मी तुला सांगितलं ना, त्यानेच झालं!"

"आता पंखा आहे ना तिथे." रंजना तिच्याकडे सरळ बघत होती. "आणि तू तर अजून तिथेच जातेस. खरंच तसं वाटत असतं तर तू गेली असतीस का?"

घर, सॅम्युअल, सवय, रोज सकाळी फळीतून एकत्र निघणाऱ्या बायका, असं बरंच रिबेकाच्या मनात आलं. पण त्यातलं कुठलंही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"मला माहीत नाही मी का जाते," ती शेवटी म्हणाली.

रंजनाला राग आला नाही. तसंही सुरतेच्या डॉक्टरांनी तिला साफ नाही म्हटलं. कोंबड्यांची धूळ, पिसं, काहीच तिला चालणार नव्हतं. तिला पुढे एका रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायचं काम मिळालं. तिथे फवारणी होते का, हे विचारायला सासू स्वतः गेली होती.

सोमवारी अंड्यांची गाडी आली. ट्रे लावून झाले, धुरीची वेळ झाली. रिबेकाने मास्क उचलला, हातात धरला आणि परत खुंटीला अडकवला.

"मी आज जाणार नाही," ती कुंदनभाऊंना म्हणाली.

"मास्क आहे, पंखा आहे, रिबेकाबाई. मॅडम म्हणाल्या तसं सगळं केलंय."

"हो. मला दिसतंय. पण मी नाही जाणार. दुसरं काहीही सांगा, करते."

कुंदनभाऊंनी इतर बायकांकडे पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, खुंटीवरचा मास्क काढून तोंडाला बांधला, चष्मा चढवला आणि बाटली घेऊन स्वतः आत गेले.

बायका बाहेर उभ्या राहिल्या. आत भांडं वाजलं. ते धडपडत बाहेर आले, दार ओढून घेतलं, मास्क काढला आणि भिंतीला टेकून खोकत राहिले. हसावं की घाबरावं ते कुणालाच कळेना. ज्या बायका इतके दिवस रिबेकाशी बोलत नव्हत्या, त्यांच्यातलीच एक तिच्या कानाशी लागून म्हणाली, "यांनापण होईल का गं?"

रिबेका पुढे झाली. "भाऊ, पाणी आणू?"

त्यांनी आधी हातानेच नको म्हटलं. मग डोळे चोळत म्हणाले, "आण."