भावोजींच्या दोन सह्या

ही नोकरी भावोजींनी लावून दिली, हे त्यांनी मला आठ वर्षांत एक दिवसही विसरू दिलं नाही. घरी ताईचा नवरा, ऑफिसात साहेब. दोन्हीकडे मान खाली घालायची मीच.

आमचं सॉफ्टवेअर रक्ततपासणीच्या चाळीस लॅबमध्ये चालतं. नवीन आवृत्ती लॅबच्या कॉम्प्युटरवर चढवणारं पॅकेजिंग टूल भावोजींनी स्वतः लिहिलंय, त्यामुळे ते निर्दोष आहे असं ऑफिसात समजायचं असतं. सोमवारी मला त्यात भोक सापडलं. टूल ॲडमिनच्या हक्काने चालतं, आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या एका फोल्डरमधली फाइल डोळे मिटून चालवतं. ती तिथे कोणी ठेवली, हे विचारतच नाही. नोंदणीच्या खिडकीवरच्या कुणीही स्वतःची फाइल तिथे टाकली की तो त्या कॉम्प्युटरचा मालक. मग कुणाच्याही रक्ताचा रिपोर्ट बदला, पत्ता लागणार नाही. साध्या खात्यातून मी दीड मिनिटात सगळ्यांसमोर ॲडमिन होऊन दाखवलं.

भावोजींचे कान लाल झाले.

"माझ्या टूलला नावं ठेवतेस?"

"नावं नाही ठेवत, फॉर्म भरतेय," मी म्हणाले.

दोष नोंदवायच्या त्या फॉर्मवर 'धोका कोणाकडून?' असा रकाना असतो. त्यात त्यांनी लिहिलं: 'त्यासाठी माणूस आधीच आत असावा लागतो. आत सगळी आपलीच माणसं. धोका नाही. आवृत्ती पाठवावी.' खाली ऐटबाज सही.

जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर दुसरा कागद आला. परवानगीशिवाय ॲडमिन झाल्याबद्दल मला आजपासून कामावरून कमी केलं होतं. कारण: 'आतील कर्मचाऱ्याकडून कंपनीच्या सुरक्षेला गंभीर धोका.' तीच सही.

मला हसू आलं, मग रडू, मग नुसता संताप. घरात कमावणारी मी एकटी. ताईला फोन केला तर म्हणाली, "तू त्यांना चारचौघांत कशाला डिवचलंस? माफी माग आणि मोकळी हो." सख्खी बहीण!

चार वाजता आवृत्ती चाळीस लॅबना जायची होती. मी दोन्ही कागद एकत्र टाचले आणि थेट मालकीणबाईंच्या केबिनमध्ये गेले. भावोजी तिथेच बसले होते. बाईंनी दोन्ही वाचले, चष्मा काढला.

"एकाच दिवशी आतला माणूस आपलाही आणि धोक्याचाही? यातला एक कागद खोटा आहे. कोणता, ते तुम्हीच ठरवा."

भावोजी माझ्याकडे बघून गोड हसले. असं ते माझ्या लग्नातही हसले नव्हते. "जाऊ दे, घरातलीच पोर आहे," म्हणत त्यांनी माझ्या पत्राकडे हात नेला. नोकरी वाचली होती. टूलही वाचलं होतं, भोकासकट.

मी पत्रावर तळहात दाबला.

"हे राहू द्या, भावोजी. तो फॉर्म फाडा."

"वेड लागलंय तुला!"

"फाडा."

बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. शेवटी भावोजींनी फॉर्म फाडला. चार तुकडे केले, माझ्याकडे न बघता. बाईंनी फोन उचलून आवृत्ती थांबवली.

दारात रखवालदार ओशाळून म्हणाला, "ताई, पिशवी बघावी लागेल. साहेबांनी सांगितलंय."

मी पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. म्हटलं, "नीट बघा. आणि उद्यापासून साहेबांचीही बघत जा."